साक्षीदाराचा दगड

दिवा जरा बारीक करा. आणि ज्याला भीती वाटते त्याने आत्ताच उठून झोपायला जावं. उद्या तुमच्या आयांची बोलणी मला खायची नाहीत. ही कुठे ऐकलेली गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो माझा दोस्त, आणि त्या रात्री वस्तुसंग्रहालयाच्या फाटकावर पहाऱ्याला मीच होतो.

त्याला सगळे पेंटर म्हणायचे. संग्रहालयातल्या पाट्या त्याच्या हातच्या. अक्षर असं की माणसाने बघत राहावं, पण स्वतः रंगवलेलं त्याने जन्मात कधी वाचलं नव्हतं. हसू नका, त्या धंद्यात तसंच असतं. एकेक अक्षर चित्रासारखं काढायचं. अर्थ बघायला गेलं की हात चुकतो. 'आत या' काय आणि 'बाहेर व्हा' काय, त्याला दोन्ही सारखंच.

डिसेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार. शुक्रवारी सकाळी दहाला नवीन दालन उघडायचं होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या संस्कृतींत माणसाला देहदंड कसा द्यायचे, ते दाखवणारं. संध्याकाळी संग्रहालयाच्या मुख्य मॅडम त्याला म्हणाल्या, "अकरा पाट्या आहेत, रात्रीत लावून टाका. कुठे रंग उडाला असेल तर हात फिरवा." दुसरा कोणी असता तर कुरकुरला असता. हा लगेच हो म्हणाला. त्याला ती रात्र घरी काढायचीच नव्हती.

का, ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या गल्लीतल्या घड्याळजीचा खून झाला होता. साक्षीदार एकटा पेंटर. त्याने दुकानातून पळणारा माणूस पाहिला, दिव्याखालून, पाठमोरा. अंगात गल्लीतला गवंडी घालायचा तसलं जॅकेट. फौजदाराने गवंड्याला पुढे उभं करून विचारलं, "हाच ना?" आणि पेंटर म्हणाला, "हाच." एकदा बोललेला शब्द मग कोर्टात शपथेवर गेला. गवंड्याला फाशीची शिक्षा झाली. आणि ती व्हायची होती शुक्रवारी पहाटे, पाच वाजता.

त्या संध्याकाळी गवंड्याची बहीण पेंटरच्या दारात आली होती. रडली नाही, भांडली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "दादा, तुम्ही त्याचं तोंड पाहिलं होतं ना? एवढंच सांगा. मी जाते."

"पाहिलं होतं, ताई."

तिने एक चिठ्ठी पुढे केली. "वकिलांचा नंबर आहे. ते रात्रभर न्यायाधीशांच्या दारात बसणार आहेत. काही आठवलं तर... कितीही वाजू दे."

चिठ्ठी त्याने खिशात टाकली. बायको आतून म्हणाली, "तुम्ही पाहिलं तेच सांगितलंत ना? मग जीव कशाला जाळता?" खरं सांगावं तरी पंचाईत. खोटी साक्ष दिली म्हटलं की तुरुंग, आणि लोक तोंडात शेण घालणार ते वेगळंच. डबा उचलून तो कामावर आला.

साडेनऊला मी त्याला आत सोडलं. दालनाच्या मधोमध माणूस उभा राहील एवढी मोठी काचेची पेटी होती. आत वाळू पसरलेली, एका कोपऱ्यात दगडांची रास. बाकी काही नाही. पेटीला कुलूप, आणि किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

पहिल्या सहा पाट्या झटपट लागल्या. सातवीचा एक कोपरा खरवडला होता. त्याने काळ्या रंगाची डबी उघडली, बोटं रंगाने माखली, आणि कोपरा नीट जुळावा म्हणून आयुष्यात पहिल्यांदा आपलीच पाटी वाचली.

'या लोकांत जल्लाद नसे. ज्याच्या साक्षीवरून मृत्युदंड ठरला, त्याच साक्षीदाराने पहिला दगड मारायचा, असा नियम होता. त्याशिवाय इतर कोणी हात उचलत नसे.'

त्याने पुन्हा वाचली. मग मागे जाऊन पहिली पाटी वाचली. चार हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाने कायदा कोरून ठेवला होता: देहदंडाचा आरोप करून जो तो सिद्ध करू शकत नाही, त्यालाच ठार करावं. पेंटर स्वतःशीच हसला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! ही सगळी अक्षरं त्यानेच काढली होती, महिनाभर, शीळ घालत.

तेवढ्यात मागे काहीतरी घरंगळलं.

त्याच्या पायाशी एक दगड होता. नदीतल्यासारखा गुळगुळीत, मुठीत मावेल एवढा. मॅडमकडून बाहेर राहिला असेल म्हणून त्याने तो उचलला. दगड कोमट होता, कोणीतरी बराच वेळ हातात धरून ठेवल्यासारखा.

त्याने मान वर केली.

पेटीत वाळूवर एक माणूस उभा होता. पाठमोरा. अंगात ते जॅकेट.

तुम्ही म्हणाल, मनी वसे ते स्वप्नी दिसे. मीही तेच म्हणालो होतो. पण तो शपथेवर सांगायचा की तो टक्क जागा होता. शपथेवर... असू दे.

"कोण आहे?" पेंटरने विचारलं.

मग त्याने काचेवर टकटक केलं.

"इकडे बघ. तोंड दाखव."

माणूस हलला नाही. पेंटर काचेला धरून डावीकडे गेला. पाठ. अजून पुढे गेला, पार पलीकडे, जिथून तोंड दिसायलाच हवं होतं तिथे. पाठच. पूर्ण फेरी मारली त्याने. तीन फेऱ्या मारल्या. चारी बाजूंनी त्या माणसाला फक्त पाठच होती.

तेव्हा त्याला कळलं. त्याने जेवढं पाहिलं होतं तेवढंच समोर उभं होतं. तोंड त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

किती वेळ तो फिरत होता कोण जाणे, घड्याळ पाहिलं तर पहाटेचे चार वाजून वीस मिनिटं. उजव्या हातात दगड, डाव्या हातात फोन. त्याने चिठ्ठीवरचा नंबर लावला. एक रिंग झाली. त्याने कापला.

फोन उलटा आला.

"हॅलो? कोण? पेंटर ना तुम्ही?" वकील कुजबुजत होते. "मी दारातच आहे. साहेब जागे आहेत. एक वाक्य बोला, पुरे आहे. तोंड पाहिलं नव्हतं, एवढंच म्हणा."

पेंटरचे ओठ हलले. त्याला बायको दिसली, फौजदार दिसला, तुरुंगाचं दार दिसलं.

"बोला ना..."

...

"अजून वेळ आहे. पेंटर, ऐकताय ना?"

...

साडेचार. पावणेपाच. वकील बोलत होते, मग विनवत होते, मग नुसताच त्यांचा श्वास ऐकू येत होता. पाचला दोन मिनिटं कमी. एक मिनिट.

पलीकडून फोन ठेवला गेला.

पाचच्या फेरीला मी दालनात गेलो. पेंटर जमिनीवर बसला होता. पेटी रिकामी. त्याची उजवी मूठ वळलेली होती. मी ती उघडली. तीही रिकामी. फक्त बोटं काळी.

"मी फेकला नाही रे," तो म्हणाला. "देवाशपथ. मी फक्त गप्प बसलो."

"काय फेकला नाहीस?"

त्याने काचेकडे बोट दाखवलं.

वाळूच्या बरोबर मधोमध एक दगड पडला होता. काच कुठे तडकलेली नव्हती. कुलूप जसंच्या तसं. नऊला मॅडम आल्या, त्यांनी किल्ली काढली, आणि आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. दगडावर काळ्या रंगात पाच बोटं उमटली होती. नुसता धरताना उमटतात तशी नाहीत. नेम धरून, आवळून फेकताना उमटतात तशी.

पेंटर त्यानंतर ब्रशला शिवला नाही. दोन वर्षांनी गेला. मॅडमनी तो दगड तिथेच राहू दिला.

मागच्या महिन्यात मी निवृत्त झालो. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. शेवटच्या दिवशी काच आतून पुसायची म्हणून मॅडमकडून किल्ली घेऊन मी पेटी उघडली, आणि राहवलं नाही, त्या ठशांना बोट लावून पाहिलं.

रंग ओला होता.