वहिनींच्या स्वयंपाकघरातला स्पीकर

सन एकोणीसशे शहाऐंशी. हिवाळा सरत आला होता. आमच्या अरुंद गल्लीत दुपारीसुद्धा ऊन नावालाच पडायचे.

वहिनींचा निरोप आला, स्पीकर बिघडलाय. मी पिशवीत पक्कड, सोल्डरिंग आयर्न आणि एक सेल टाकला आणि निघालो. स्पीकर दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. पडदा फाटतो, कॉइल जळते, तार सुटते. याहून वेगळे दुखणे त्याला नसते, असे मी मानत होतो.

वहिनी म्हणजे माझ्या भागीदाराची बायको. तो गेल्या पावसाळ्यात वारला. आम्ही दोघांनी एका बाकावर बसून दुरुस्तीचे दुकान चालवले. मी कुणाचे ऋण ठेवणारा माणूस नाही, पण त्याचे राहिले. एकदा अ‍ॅम्प्लिफायर उघडताना मला झटका बसला आणि माझा श्वास थांबला. त्याने तोंडाला तोंड लावून माझ्या छातीत हवा भरली. मी डोळे उघडले तर म्हणाला, "तंबाखूचा काय वास मारतोय रे! पुढच्या वेळी चूळ भरून मर."

तो स्वतः झोपेत गेला. फेडायची संधीच मिळाली नाही.

आजारपणात त्याचा आवाज बसला होता. म्हणून त्याने पलंगाशी माइक लावला आणि स्वयंपाकघरात स्पीकर. वहिनी भांडी घासता घासता त्याचा श्वास ऐकायच्या. तो गेल्यावर माइक मीच काढून नेला होता.

वहिनी स्पीकरसमोर स्टुलावर बसल्या होत्या. अंगाचे नुसते चिपाड झाले होते. चूल थंड. खोलीत बंद कपाटासारखा, औषधाचा वास.

"काय होतंय याला?"

"ऐका ना, भाऊजी."

मी कान लावला. आत हवा जात होती, बाहेर येत होती. घरघर. मध्ये एक अडखळ. ती अडखळ माझ्या ओळखीची होती.

"कुठून तरी गुणगुण शिरतेय," मी म्हणालो. "अ‍ॅम्प्लिफायरची कटकट असेल."

"तुम्ही म्हणाल तसं," त्या म्हणाल्या. "पण रात्री मी त्यांच्याआधी झोपत नाही हो..."

मी अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढला. आवाज तसाच. मग दोन्ही तारा सोडवल्या. आता स्पीकर म्हणजे खोक्यातला कागद आणि लोहचुंबक, बाकी काही नाही. तरी पडदा वर येत होता, खाली जात होता.

आमच्या धंद्यात अशा वेळी सेल लावून बघतात. पडदा उडी मारतो, कॉइल शाबूत असल्याचे कळते. मी लावला. पडदा टक्कन उडाला. मागे वहिनींना उचकी लागली.

मी वळून पाहिले. त्या छातीवर हात धरून बसल्या होत्या.

पुन्हा लावला. पुन्हा उचकी.

मग मी बोटे पसरून पडदा हलकेच दाबला आणि धरून ठेवला. खोली गप्प झाली. वहिनींचे तोंड उघडे राहिले, श्वास आत येईना, डोळे माझ्या हातावर. मी हात झटकन काढला. दोघांनी एकदम श्वास घेतला. वहिनींनी, आणि त्याने.

"हे कधीपासून?"

"थंडी पडल्यापासून... आधी मीच त्यांच्याबरोबर श्वास घ्यायचे, सोबत म्हणून. आता सुटत नाही."

पक्कड माझ्या हातात होती. पडदा फाडणे एका क्षणाचे काम. पण फाडल्यावर वहिनींचे काय, हे मला कोण सांगणार?

तेवढ्यात पडदा मंदावला. वर येणे कमी, खाली जाणे जास्त. वहिनींचे ओठ काळेनिळे पडू लागले. त्या स्टुलावरून कलल्या. मी त्यांना भिंतीला टेकवले.

"भाऊजी... ते चाललेत परत..."

कॉइलच्या फटीत कचरा अडकला की आम्ही तोंडाने फुंकून काढतो. अंगाला तीच सवय. मी खोके उचलले, तोंड पडद्याशी नेले आणि फुंकले.

पडदा आत गेला. मागे वहिनींनी खोल श्वास घेतला.

फुंकत राहिलो. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात घण पडू लागले. शेवटचा श्वास मी फुंकला नाही. तो ओढून घेतला गेला, तळापासून, विहिरीतून दोर खेचावा तसा. मी गुडघ्यांवर आलो.

पडदा थांबला. हलवला तरी नुसता कागद.

वहिनी मात्र श्वास घेत होत्या. आपला आपण, वेडावाकडा, जिवंत माणसाचा.

"भाऊजी, पाणी देऊ?" त्या म्हणाल्या. "अहो, तुमचे ओठ बघा..."

बोलायला हवाच नव्हती. स्पीकर घरी नेऊन खोलला. पडद्याच्या मागच्या बाजूला, जिथे माझे तोंड पोचणे शक्य नव्हते, तिथे दोन ओठांचा ठसा होता. ओला.

तेव्हापासून मी जिना एका दमात चढलेलो नाही. वहिनी अजून आहेत, ठणठणीत.

ऋण फिटले.