गुडघ्यांखालच्या बाह्या

या, जरा पुढे सरकून बसा. बुद्धाचं नाव गाऊन मन आत्ताच निवलंय. आता सूडाची एक गोष्ट ऐकलीत तरी बिघडायचं नाही काही.

वेढा पडलेल्या किल्ल्यात सकाळीच ओरड उठली. पाण्याचा चोरपाट शत्रूने शोधून फोडला होता. आणि त्या पाटाची राखण करणारा सामुराई शिगेतादा स्वतःच्या घरात पोट चिरून मेलेला सापडला होता.

"फितूर निघाला. लाजेने मेला," किल्ल्याचे धनी नागामुने म्हणाले. "संध्याकाळी त्याच्या बायकोचं आणि पोराचंही मुंडकं उडवा."

शिगेतादाची बायको ओफुजी रडली नाही.

"संध्याकाळपर्यंत तपास करा, धनी. माझा नवरा फितूर निघाला तर मान मीच पुढे करीन. नाही निघाला, तर त्याला मारणारा माझ्या हवाली करा."

धन्यांनी शब्द दिला. तपास धन्यांच्या पदरच्या म्हाताऱ्या तोमोनोरीकडे आला.

प्रेत बसल्या जागी पुढे कोसळलेलं होतं. मुठीत आखूड तलवार. लांब तलवार जमिनीवर, उजव्या हाताशी. तोमोनोरीने गुडघे उचलून पाहिले. बाह्यांची टोकं रीतीप्रमाणे गुडघ्यांखाली दाबलेली होती. मरताना वीर उताणा पडून त्याची शोभा जाऊ नये म्हणून. त्या टोकांवर रक्ताळलेल्या बोटांचे ठसे होते.

आधी त्याने हाचियाला बोलावलं. शिगेतादाशी त्याचं उभं वैर.

"काल इथे आला होतास?"

"आलो होतो. दोन शिव्या हासडून गेलो."

"मारलंस?"

हाचिया खदखदून हसला. "अहो म्हातारबुवा, मी मारलं असतं तर भर चौकात! आणि मुंडकं सगळ्या किल्ल्याला दाखवत फिरलो असतो."

मग आला मासाकाने, ओफुजीचा थोरला भाऊ.

"तू कधी आला होतास?"

"काल दिवसभर तटावर होतो. आज आलो, पण दारातूनच माघारी फिरलो. बघवेना हो." त्याचे डोळे भरले. "धन्यांना एवढंच सांगा, बाह्या गुडघ्यांखाली दाबून घेऊन तो वीरासारखा पुढे पडला. निदान माझ्या भाच्याला तरी जगू द्या."

तोमोनोरी सगळ्यांना घेऊन धन्यांपुढे गेला.

"शिगेतादाचा खून झालाय, धनी. पोट चिरण्याआधी बाह्या दाबतात, तेव्हा हात कोरडे असतात. इथे ठसे रक्ताचे आहेत. कुणीतरी मारल्यावर त्या दाबल्या."

"हाचियानेच!" धनी गरजले.

"नाही. वैऱ्यासमोर आपण लांब तलवार डावीकडे ठेवतो, झटकन उपसता यावी म्हणून. शिगेतादाने ती उजवीकडे ठेवली होती. समोर भरवशाचं माणूस होतं. आणि हाचियाने मेलेल्याची शोभा कशाला राखली असती? ज्याचा त्याच्यावर जीव होता, त्यालाच तो उताणा बघवला नाही." तो वळला. "मासाकाने, तू दारातूनच फिरलास ना? पुढे कोसळलेल्या माणसाच्या गुडघ्यांखालचं तुला दिसलं कसं?"

मासाकानेने कपाळ जमिनीला टेकलं.

"पाट मीच दाखवला शत्रूला. शिगेतादाला कळलं. म्हणाला, उद्या तू स्वतः धन्यांना सांग, मी तुझ्या शेजारी बसेन... धनी, मला माझ्या हाताने पोट चिरू द्या. वीराचं मरण द्या."

धन्यांनी ओफुजीकडे पाहिलं. शब्द दिला होता.

"दादा," ती म्हणाली, "ते मरण तू माझ्या नवऱ्याला खोटं दिलंस. तुला खरं मिळायचं नाही. तू चोरासारखाच मरशील."

तलवार तिने स्वतः उचलली.

एका घावात नवऱ्याचं नाव धुऊन निघालं, पोर वाचलं आणि तिचं माहेर संपलं. लोक शिगेतादाची सचोटी गातात, तोमोनोरीची हुशारी गातात. गाऊ देत. तुम्ही मात्र, बाबांनो, त्या ओफुजीची आठवण ठेवा.