कुर्लीचा नवा कान

डबी तीच होती. तोच निळा रंग, चंदेरी अक्षरांतलं तेच नाव, तसेच गोल कोपरे. जुनी आणि नवी शेजारीशेजारी ठेवली, तर फरक एवढाच, की जुनीला खाऱ्या वाऱ्याने गंज चढला होता आणि नवी नुकत्याच घासलेल्या वाटीसारखी चमकत होती. जुनी डबी लावून कुर्ली वाळूखालची कुजबुजसुद्धा ऐकत असे. मग नव्या डबीने तिला काहीच ऐकू का येत नव्हतं?

"आता?" केतकीने विचारलं.

"तू 'आता' म्हणालीस," कुर्ली म्हणाली. "पण ते मला तुझ्या ओठांवरून कळलं. कानावरून नाही."

कुर्ली म्हणजे खारवणे गावच्या कासवकेंद्रातली यंत्रखेकडी. सहा पाय, मासळीच्या टोपलीएवढं अंग आणि वर दोन दांड्यांवर दोन कॅमेऱ्यांचे डोळे. पायाजवळच्या धातूच्या कांडीत ध्वनिग्राहक (आवाजाच्या थरथरीचं विजेच्या थरथरीत रूपांतर करणारा भाग) होता. कांडी वाळूत खुपसायची. ती ऐकलेला आवाज निळ्या डबीकडे पाठवायची आणि डबी त्याचे आकडे करून कुर्लीच्या संगणकाला सांगायची. म्हणून सगळे त्या डबीला कुर्लीचा कान म्हणत. तो कान गेल्या महिन्यात गंजून बसला. मग नवा आणायला केतकी आईबरोबर शहरात गेली आणि अख्ख्या दुकानातून तिने तो स्वतः निवडला.

"दुकानदाराला विचारलंही होतं मी," ती रडवेली होऊन म्हणाली. "आमची कुर्ली लिनक्सवर चालते, तिला हे चालेल का? तर म्हणाला, 'चालेल की! सगळ्यावर चालतं!'"

"अंहं," आबा पुस्तकाआडून हळूच म्हणाले. "सगळ्यावर चालतं म्हणणाऱ्याने बहुधा कशावरच चालवून बघितलेलं नसतं. माझं चुकत असेल, म्हणा."

आबा म्हणजे केतकीचे आजोबा, डॉक्टर निनाद भाटकर. समुद्राच्या तळाशी भूकंपाचे आवाज टिपणारी यंत्रं बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पण घरी कोणी पाहुणा आला, की ते पुस्तक तोंडासमोर धरत आणि प्रत्येक वाक्यापाठोपाठ "माझं चुकत असेल" हे ठरलेलंच. केतकीला त्याचं हसू येई. आज मात्र तिला हसू येत नव्हतं.

आज चार वाजता किनाऱ्यावर रोलर फिरणार होता.

परवाच्या अवकाळी वादळात समुद्राने गावाकडची वाळू ओढून नेली होती. संध्याकाळची मोठी भरती चढायच्या आत मातीचा बांध दाबून पक्का केला नाही, तर पाणी थेट वाडीत शिरणार होतं. आणि त्याच पट्ट्यात कुठेतरी एका कासविणीचं घरटं होतं. ते केतकीलाच सापडलं होतं, पण अंडी सुरक्षित जागी हलवण्याची वेळ टळल्यावर. म्हणून तिने तिथेच वेताची टोपली पालथी घालून वर लाल फडकं बांधलं होतं. जागा कुर्लीच्या नकाशात नोंदवायचं काम तिने दुसऱ्या दिवसावर टाकलं आणि रात्री वादळ आलं. टोपली गेली, फडकं गेलं, वाळूचे उंचवटेसुद्धा इकडचे तिकडे झाले. पिल्लं तर आज-उद्या बाहेर यायची होती.

बांधाचे मुकादम घोलप काका सकाळी पडवीशी येऊन गेले होते. "पोरी, मी काय राक्षस आहे का?" ते म्हणाले होते. "तू जागा दाखव, मी बांधाला वळण देतो. पण 'इथेच कुठेतरी' म्हणून मला अख्खा किनारा सोडता येणार नाही. वाडीत माणसं राहतात गं."

बाहेर येण्याआधी पिल्लं वाळू खरवडतात. तो आवाज माणसाच्या कानाला कळत नाही. कुर्लीच्या कानाला कळतो. कळला असता.

केतकीने चिडून डबी उपटली, तार उपटली, कुर्लीच्या पाठीवरचं झाकण काढलं आणि आतल्या सगळ्याच जोडण्या सोडवायला घेतल्या.

"बाये, थांब!" आबांनी चक्क पुस्तक खाली ठेवलं. "सगळं एकदम बदललंस, तर दुखणं नेमकं कुठे होतं ते कधीच कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट. आपला संशय कशाकशावर आहे?"

"डबीवर."

"आणि?"

"तारेवर." केतकी विचार करू लागली. "नाहीतर ती तार जिथे लावतो त्या खाचेवर."

"मग जे चांगलं आहे हे नक्की ठाऊक आहे, ते त्या खाचेत लावून बघ."

केतकीने कुर्लीच्या डाव्या डोळ्याची तार काढली. निळ्या डबीची तार घेऊन तिचं एक टोक डोळ्याला आणि दुसरं कानाच्या खाचेत लावलं.

"दिसतंय," कुर्ली म्हणाली. "आबांच्या सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात आहे."

म्हणजे खाच चांगली, तारही चांगली. आबांनी घाईघाईने बटण नीट केलं. केतकीला पहिल्यांदाच जरा धीर आला. दोन संशयित सुटले होते.

"आता डबीलाच विचारू या, बाई तू कोण," आबा म्हणाले. त्यांनी कुर्लीला जोडलेला पडदा जवळ ओढला. "कुर्लीचा संगणक चालवणारी प्रणाली म्हणजे लिनक्स. तिचा जो गाभा असतो, त्याला कर्नल (संगणकाच्या सगळ्या भागांना कामं वाटून देणारा मुख्य कारभारी) म्हणतात. यूएसबीच्या खाचेत काही लावलं, की कर्नल आधी त्याला ओळख विचारतो. प्रत्येक यंत्र दोन आकडे सांगतं. एक ते बनवणाऱ्याचा आणि दुसरा त्या वाणाचा. वरचं नाव, रंग, चित्र यांच्याशी कर्नलला काही देणंघेणं नसतं."

केतकीने नवी डबी परत लावली. पडद्यावर दोन आकडे उमटले.

"कुर्ली, तुझ्या जुन्या कानाचे आकडे आठवतात?"

"माझा कान होता तो," कुर्ली जरा मनाला लागल्यासारखं म्हणाली आणि तिने जुने आकडे शेजारी लिहून दाखवले.

केतकीने दोन्ही ओळी एकाखाली एक वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

"आबा! हे आकडे वेगळे आहेत! नाव एकच, पण ही ती नाहीच!"

आबांनी बारीक स्क्रूड्रायव्हरने दोन्ही डब्या उघडल्या. जुनीच्या पोटात चौकोनी चिप (नखाएवढ्या तुकड्यावर कोरलेलं विजेचं जाळं) होती, नवीच्या पोटात लांबट. कंपनीने मधल्या काळात आतली चिप बदलली होती आणि वरचं खोकं तसंच ठेवलं होतं.

"म्हणजे मी डबी निवडली," केतकी हळू आवाजात म्हणाली. "चिप निवडायला हवी होती."

"मीही तेच केलं असतं," आबा म्हणाले. "आता बघ. चिप तिच्या भाषेत बोलते, कर्नल त्याच्या. दोघांच्या मध्ये एक ड्रायव्हर लागतो. गाडी चालवणारा नव्हे हं! हा म्हणजे दुभाषा, एकाचं म्हणणं दुसऱ्याला समजावून सांगणारी आज्ञावली. जुन्या चिपचा दुभाषा कुर्लीपाशी आहे. या नवीचा नाही."

"मग इंटरनेटवरून उतरवून घेऊ!"

आबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. टेकडीवरचा मोबाइलचा मनोरा वादळाने आडवा झाला होता.

दोन वाजत आले होते. लांबून रोलर ट्रकमधून उतरवल्याचा खडखडाट आला. कुर्लीला तो ऐकू आला नाही, पण केतकीचा चेहरा तिला दिसला.

"मी बहिरी आहे, मठ्ठ नाही," ती म्हणाली. "मला एक सांगा. दुभाष्यावाचून कुणाचंच चालत नाही का?"

आबा चष्मा पुसत विचारात पडले. "दुभाषा तर लागतोच. पण... माझं चुकत असेल, पण काही कारखानदारांनी एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. आवाजाच्या यंत्रांनी कसं बोलायचं, याची एक सामाईक भाषा त्यांनी ठरवली आणि जगासमोर उघडी ठेवली. ती बोलणारी यंत्रं कुठल्याही कारखान्यातली असोत, कर्नलच्या घरचा एकच दुभाषा सगळ्यांना पुरतो. या निळ्या डबीने मात्र आपली वेगळी बोली काढली आणि ती कुणाला शिकवलीही नाही."

"म्हणजे जे यंत्र लिनक्सला लावल्याबरोबर, वेगळं काही न घालता चालतं, ते ती सामाईक भाषा बोलतं?"

"बहुतेक. हो."

केतकी ताडकन उठली. "पल्लवीकाकूंचा कराओके!"

"काय?"

"आबा, स्नेहसंमेलनात नाही का! शाळेचा संगणक लिनक्सचाच आहे. काकूंनी तार लावली आणि दुसऱ्या क्षणाला गायला लागल्या. बाईंना 'थांबा' म्हणायलाही वेळ मिळाला नाही!"

काकूंचं घर माडांच्या पलीकडेच होतं. कराओकेचा डबा भडक गुलाबी होता, त्यावर चमकत्या चांदण्या चिकटवलेल्या होत्या आणि काकूंचा त्यावर फार जीव होता.

"कासवांना गाणी ऐकवणार आहेस होय?" त्यांनी विचारलं.

"नाही काकू, कासवांची ऐकणार आहे."

"मग मीपण येते. माझा डबा माझ्याशिवाय कुठे जात नाही."

निळ्या डबीबरोबर नवी कांडीही आली होती. तिचं टोक कराओकेच्या माइकच्या भोकात बरोब्बर बसलं. डब्याची तार केतकीने कुर्लीच्या खाचेत लावली. पडद्यावर दोन आकडे आले आणि त्यांच्याखाली ओळ उमटली: आवाजाचं यंत्र तयार.

"ओळखलं!" कुर्ली म्हणाली. "दुभाषाही हजर झाला. पण ऐकू काहीच येत नाही."

आबांचे खांदे पडले. "माझं चुकलंच असणार. मी आपलं उगीच तुला आशेला लावलं..."

"आबा, थांबा. एका वेळी एकच गोष्ट." केतकीने बोटं मुडपली. "खाच चांगली आहे. ओळख पटली आहे. दुभाषा आला आहे. कांडी नवी आहे. मग राहिलं काय?"

"अगं, माइक चालू आहे का बघ की!" पल्लवीकाकू म्हणाल्या. "दर वेळी मी निम्मं कडवं म्हणून टाकते, मग कळतं की आवाज बंदच होता."

केतकीने पडद्यावर आवाजाची पट्टी उघडली. नवं यंत्र आलं, की कधीकधी त्याचा ऐकण्याचा भाग शून्यावर ठेवलेला असतो. इथेही तसंच होतं. तिने पट्टी वर सरकवली.

कुर्लीचे सहाही पाय एकदम ताठ झाले.

"हळू बोला," ती म्हणाली. "केवढ्यांदा श्वास घेताय सगळे!"

केतकी धावत सुटली. मागून कुर्ली, तिच्या पाठीवर गुलाबी डबा, त्याच्यामागे काकू आणि सर्वांत शेवटी एका हाताने धोतर आणि दुसऱ्या हाताने चष्मा सावरत आबा. किनाऱ्यावर रोलर सुरू झाला होता.

"काका, यंत्र बंद करा! कुर्लीला ऐकू येतंय, पण या घरघरीत नाही!"

घोलप काकांनी गुलाबी डब्याकडे बघितलं. "हा कान आहे?"

"हो."

"याच्यावर चांदण्या आहेत."

"काका!"

त्यांनी एकदा समुद्राकडे बघितलं. पाणी चढत होतं. मग हात वर केला. "बंद कर रे! आणि कुणी खोकायचंसुद्धा नाही."

रोलर थांबला. मजूर फावडी टेकून उभे राहिले. कुर्लीने वाळूत कांडी खुपसली, उचलली, पुढे गेली, पुन्हा खुपसली. नाही. पुढे. नाही. केतकीने ओठ इतके घट्ट मिटले होते, की ते पांढरे पडले. उंडीच्या झाडाखाली येऊन कुर्ली थबकली, डावीकडे सरकली आणि तिथेच बसली.

"काकू," ती म्हणाली, "तुमच्या डब्याला भोंगाही आहे ना? वाजवते."

कराओकेच्या भोंग्यातून आधी नुसती खरखर आली. मग त्या खरखरीतून वेगळं काहीतरी निघालं. खर्र. खर्र-खर्र. थांबून पुन्हा खर्र. एक, मग अनेक. जणू शेकडो चिमुकले हात वाळूखाली एकाच दाराची कडी शोधत होते.

घोलप काकांनी डोक्यावरची टोपी काढली.

"ऐकलंत रे?" ते हळू आवाजात मजुरांना म्हणाले. "आपण ह्यांच्या माथ्यावरून रोलर नेणार होतो." आणि मग एकदम मोठ्यांदा, "दोरी आणा! बांध इथून वळेल! भरतीच्या आत झालाच पाहिजे, हात चालवा!"

हात चालले. भरती आली तेव्हा बांध पक्का होता. लाटा त्याला धडकल्या आणि वाडीकडे न जाता परत फिरल्या. उंडीपाशी बांधाने मोठं वळण घेतलं होतं. त्या वळणात, ऊन उतरल्यावर, वाळू जरा खचली. त्यातून एक करडं डोकं वर आलं. मग दुसरं. मग उकळत्या दुधाला ऊत यावा तशी पिल्लंच पिल्लं. वल्ह्यासारखे हात मारत ती पाण्याकडे निघाली. मजुरांनी दोन्ही बाजूंनी रांग धरून त्यांना वाट करून दिली. पल्लवीकाकू रडत होत्या आणि हसतही होत्या.

"माझा हा कान मला राहू द्या," कुर्ली म्हणाली. "चांदण्यांसकट."

"वा गं वा! मग मी गाऊ कशावर?" काकू म्हणाल्या. "उरलेली घरटी फुटेपर्यंत ठेव. मग परत."

शेवटचं पिल्लू लाटेत दिसेनासं झालं, तेव्हा केतकीने खिशातून निळी डबी काढली. तिला आता तिचा राग येत नव्हता.

"आबा, हे दुभाषे लिहितं कोण?"

"जगभरातली माणसं. चिपला प्रश्न विचारत बसतात, ती काय उत्तर देते ते बघतात आणि तिची बोली उलगडली, की सगळ्यांसाठी उघडी ठेवतात. काही तर तुझ्याहून फार मोठी नसतात."

केतकीने डबी कानाशी धरून हलवली, जणू आतलं कुणी बोलेल.

"मग हिचा दुभाषा मी लिहीन," ती म्हणाली. "वेळ लागेल. माझं चुकेल. पण एका वेळी एकच गोष्ट बदलत गेले, तर जमेल ना?"

"जमेल," आबा म्हणाले.

कुर्लीने दोन्ही डोळे त्यांच्याकडे वळवले. आबांचं ठरलेलं वाक्य अजून यायचं आहे, असं वाटून ती आपल्या गुलाबी कानाने पुढचे शब्द ऐकायची वाट बघत राहिली.

पण आबांना पुढे काही म्हणायचं नव्हतं.