आधीच दिसलेलं

सुचिता मुंबईहून काशीदला परतली ती दुपारच्या एसटीने. मांडीवर एमआरआयचं मोठं पाकीट होतं. वाटभर तिने ते उघडलं नाही.

तिचा बाप दयाराम एके काळी मासेमारीच्या होडीतून अंधारात नुसत्या वाऱ्यावरून किनारा ओळखायचा. पंचेचाळिशीत त्याला घरची वाट सापडेना. आजोबांचं तसंच झालं होतं, काकाचंही. दोघे त्यातच गेले. गाव म्हणालं, बाहेरची बाधा. मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा स्मृतिभ्रंश रक्तातून उतरतो. मेंदूच्या फोटोत तो कितीतरी वर्षं आधी दिसू शकतो. सुचिताने फोटो काढून घेतला. धाकटा भाऊ निकेश मात्र हटून बसला.

"पुढच्या महिन्यात माझं लगीन हाय, ताई. मला न्हाय बघायचं."

"सुरुवात झालीय," डॉक्टरीणबाईंनी आज सकाळी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं होतं. "अजून तुम्हाला काही जाणवणार नाही."

"औषध?"

त्यांनी फोटो पाकिटात घातला आणि पाकीट तिच्याकडे सरकवलं.

घरी पोचली तेव्हा ऊन रखरखत होतं. सुकत्या बोंबलांचा वास होता, ओहोटीमुळे लाटांचा आवाजही नव्हता. अंगणात दयाराम मांडी घालून बसला होता, दोन्ही हातांनी हवेतच जाळं विणत. तीन वर्षांत त्याने लेकीचं नाव घेतलं नव्हतं.

"सुचे, आलीस?"

तिला भरून आलं. "व्हय बाबा… वळखलास मला?"

"आता वळखनारच." तो हसला आणि त्याने ओंजळ पुढे केली. "जालं लई मोठं झालंय. हे टोक धर."

ओंजळीत काहीच नव्हतं. बापाचं मन राखायला तिने हात पुढे केला… आणि बोटांना ओलं, गार सूत लागलं.

तिने हात झटकला. सुटेना. उलट कुणीतरी सावकाश ओढलं. बापाचे हात तर आता मांडीवर होते. ओढ समुद्राकडून येत होती.

"बाबा… तिकडं कोन हाय?"

"तुजा आजा. तुजा काका." त्याने आवाज खाली आणला. "वढू दे त्यांना. झटापट केलीस तर जास्त लागतं…"

"निकेश!" ती ओरडली.

निकेश घरातून धावत ओटीवर आला. "काय झालं, ताई? हात असा का धरलायस?"

त्याला काही दिसत नव्हतं. त्या भीतीतही तिला तेवढंच बरं वाटलं.

"काय न्हाय… तू तिथंच थांब…"

पण तो आलाच. सपाट, झाडून काढलेल्या अंगणात मध्येच, तिच्या हातातलं सूत ताणलं होतं तिथे, तो थबकला. खाली न बघताच त्याने एक पाय उंच उचलला, मग दुसरा, आणि अलीकडे आला.