प्रभाग सतरामधला आनंद

सकाळचे साडेसहा वाजले होते. यशवंत सासने दूधकट्ट्यावर उभा होता. रांगेनं बांधलेल्या म्हशींपैकी एकीचं समोर काढलेलं धारोष्ण दूध त्याच्या हातातल्या पेल्यात फेसाळत होतं. इतक्यात त्याच्या डाव्या मनगटातलं कडं कोमट झालं. शेजारच्या माणसाचंही झालं असावं, कारण तो हसायला लागला. मग सगळा कट्टाच हसू लागला. कारण मागून कळलं. कोल्हापूरच्या नव्या स्टेडियमची शेवटची तपासणी पार पडली होती आणि फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना आता नक्की इथंच होणार होता.

यशवंतनं हसत हसत शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकला. त्यानंही यशवंतच्या पाठीवर थाप मारली. दोघांनी एकमेकांकडे वळून पाहिलं, तेव्हा यशवंतला कळलं, की आपण बजरंग आतिग्रेच्या गळ्यात हात टाकून उभे आहोत.

त्यानं हात काढून घेतला आणि अर्धा पेला तसाच ठेवून तो घराकडे चालू लागला.

बावीस वर्षांपूर्वी दोन पेठांच्या तालमींच्या फुटबॉल संघांमध्ये अंतिम सामना झाला होता. एका बाजूचा गोलरक्षक यशवंत होता, दुसऱ्या बाजूचा कप्तान बजरंग. सामना संपल्यावर दगडफेक झाली. एक दगड यशवंतच्या धाकट्या भावाच्या, जयवंतच्या, कानशिलावर बसला. तो एकोणीस वर्षांचा होता. तिसऱ्या दिवशी गेला. दगड कुणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळ्या पेठेनं दोष बजरंगला दिला. यशवंतनं हातमोजे पंचगंगेत टाकले, आणि त्याच्या आईनं, हिराबाईंनी, घरात फुटबॉल हा शब्दच बंद केला. आतिग्रेच्या गल्लीवरून जायला नको म्हणून यशवंत एवढी वर्षं मंडईला लांबच्या रस्त्यानं जात होता.

कड्याचं सरकारी नाव होतं सहस्पंद पट्टी. एवढी मोठी स्पर्धा देशात प्रथमच होत होती आणि तिचा आनंद एकेकट्यानं न घेता सगळ्यांनी मिळून घ्यावा, अशी कल्पना होती. पट्टी नाडीचे ठोके आणि कातडीवरचा घाम मोजायची. आसपासच्या पुष्कळ माणसांना एकदम उल्हास वाटला, की ती कोमट व्हायची आणि मनगटातल्या मज्जातंतूला बारीक स्पंदनं द्यायची. मग घालणाऱ्यालाही मोकळं, हलकं वाटायचं. सामने होणार होते त्या बारा शहरांत ती घरोघर वाटली होती. सक्ती नव्हती. पण यशवंत शिरोलीच्या ज्या फाउंड्रीत फोरमन होता, तिथं स्टेडियमच्या खुर्च्यांचे पाय ओतले जात होते. सगळ्या कामगारांनी एकाच दिवशी कडी घातली, आणि आपण एकटेच वेगळे दिसू नये म्हणून त्यानंही घातलं.

तेव्हापासून दोन महिने त्याचं काहीतरी बिनसलं होतं. पानाच्या दुकानातल्या टीव्हीसमोर त्याचे पाय थांबायचे. एकदा कुणीतरी लांबून हेल्मेट फेकलं, तर त्यानं ते आडवी झेप घेऊन दोन्ही हातांत पकडलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. "हे कड्याचं काम," तो स्वतःला सांगायचा, आणि ते सांगून बरं वाटायचं. पण बजरंगच्या गळ्यात टाकलेला हात कड्याच्या नावावर टाकून त्याला स्वस्थ बसवेना.

घरी त्यानं बायकोला, मालनला, सगळं सांगितलं.

"मग काढून टाका की ते," ती म्हणाली.

"काढलं तरी यातलं माझं किती आन त्याचं किती, हे कुठं कळतंय?"

आतल्या खोलीत आई जागी होती, म्हणून दोघं हळूच बोलत होते.

दहा वाजता तो सहस्पंद केंद्रावर गेला. एका बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात ते थाटलं होतं. तिथली अभियंता नाझनीन मुजावर तिशीची होती आणि बऱ्याच दिवसांत नीट झोपली नसावी, असं तिच्या डोळ्यांवरून दिसत होतं.

"मला माझा राग परत पायजे," यशवंत खुर्चीत बसताच म्हणाला. मग त्यानं जयवंतचं सांगितलं, सकाळचंही सांगितलं.

ऐकून झाल्यावर नाझनीन म्हणाली, "काका, तुमचा प्रभाग कुठला?"

"सतरा."

तिनं पडद्यावर काहीतरी पाहिलं, उठून दार लावलं आणि परत येऊन बसली. "हे मी तुम्हाला सांगायला नको. पण सांगते. प्रभाग सतराला आम्ही स्पंदनं पाठवतच नाही."

"म्हणजे?"

"नवं औषध तपासताना अर्ध्या लोकांना नुसती साखरेची गोळी देतात ना, तसं. तुमचं कडं नाडी मोजतं आणि कोमट होतं. बाकी काही करत नाही. आम्ही त्याला तुलना गट म्हणतो."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

यशवंतनं मनगटाकडे पाहिलं. "म्हणजे त्याच्या गळ्यात मी माझा मीच पडलो?"

"तेही मला छातीठोकपणे सांगता येत नाही." तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. त्यावर दोन रेघा होत्या, एक निळी आणि एक लाल, आणि बहुतेक ठिकाणी त्या एकमेकींवर बसल्या होत्या. "निळी प्रभाग सोळाची. तिथं आम्ही स्पंदनं पाठवतो. लाल तुमची. फरक नाही. आता याचे दोन अर्थ निघतात. एक, आमच्या यंत्रानं काहीच होत नाही आणि लोक आपणहून खूश आहेत. दुसरा, सोळामधली माणसं यंत्रामुळं खूश होतात, मग तुमच्याकडे दूध प्यायला, भाजी घ्यायला येतात आणि हसतात. हसणाऱ्याकडे बघून माणूस हसतोच, त्याला कडं कशाला लागतंय?"

"मग यातलं खरं कुठलं?"

"मला माहीत नाही, काका. गेले आठ दिवस मी हेच शोधतेय. सगळं शहरच मिसळलेलं आहे, वेगळं करून मोजणार कसं?" तिनं डोळे चोळले. "परवा अहवाल द्यायचाय. स्पर्धा संपल्यावर ही कडी देशभर कायमची द्यायची का, ते त्याच्यावर ठरणार. मग ती फक्त फुटबॉलपुरती राहणार नाहीत. कुठं दंगल झाली, दुष्काळ पडला, लोक चिडले, की वापरता येतील."

"तुम्ही काय लिहिणार?"

"तुम्ही काय लिहिलं असतं?"

यशवंत म्हणाला, "मला एवढंच कळतंय, की राग तरी माझा होता. तो कुणी यंत्रानं दिलेला नव्हता."

"यंत्रानं नव्हता," नाझनीन म्हणाली. "पण सगळी पेठ तेव्हा एकाच माणसावर चिडली होती ना? तो तुमच्याकडे कुणाकडून आला, हे तुम्ही कधी बघितलं होतं?"

यशवंतनं कडं काढून तिच्या टेबलावर ठेवलं आणि तो बाहेर पडला. रस्त्यावर शाळेच्या मुली सगळ्या देशांचे झेंडे घेऊन संचलनाचा सराव करत होत्या. ते बघून त्याला पुन्हा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा त्रासही झाला.

तो मंडईला जाणाऱ्या जवळच्या रस्त्यानं निघाला आणि आतिग्रेच्या गल्लीत शिरला. सबंध गल्लीनं भिंतींना ब्राझीलचा पिवळा रंग फासला होता. बजरंग स्टुलावर उभा राहून आपल्या घराची चौकट रंगवत होता. यशवंतला बघून तो सावकाश खाली उतरला. त्याच्याही मनगटात काही नव्हतं, नुसता एक पांढरा पट्टा होता.

"सकाळी घरी आल्या आल्या काढलं," तो म्हणाला. "ये आत."

दोघं ओसरीवर बसले. मग बजरंग रंगानं भरलेली बोटं पुसत म्हणाला, "यशवंता, दगड कुणी मारला ते मी बघितलेलं. आमचाच राखीव खेळाडू होता. पोलिसांनी विचारल्यावर मी म्हणालो, गर्दीत दिसलं न्हाई. पाच वर्सांपूर्वी गेला तो. त्याच्या मयताला जाऊन आलो, तरी मी गप्पच."

"आज का सांगतोयस?"

"ते मला बी कळंना. सकाळी तू हात टाकलास, तवापास्नं जयवंता सारखा डोळ्यांम्होरं येतोय. आधी वाटलं कड्यानं झालं. काढलं, तरी थांबंना." तो रडू लागला.

यशवंत रागाची वाट पाहत बसला. राग आलाही. उठून याच्या थोबाडीत द्यावी, असं त्याला वाटलं. त्याच क्षणी त्या पांढऱ्या केसांच्या, रंगानं माखलेल्या माणसाला पाणी आणून द्यावं, असंही वाटलं. कोणतं आधी वाटलं, ते त्याला नंतर आठवेना. त्यानं दोन्हीतलं काहीच केलं नाही. बजरंगचं रडणं थांबेपर्यंत तो बसून राहिला, मग उठला.

घरी येऊन तो थेट आईच्या खोलीत गेला. हिराबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. पलंगावर बसून त्या लसूण सोलत होत्या. त्यानं दगड कुणी मारला ते सांगितलं, बजरंग काय म्हणाला तेही सगळं सांगितलं. हिराबाईंनी ऐकताना हातातलं काम थांबवलं नाही.

"सांगताना रडला का त्यो?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"आन तू?"

"न्हाई. मला काय झालं, तेच उमगलं न्हाई, आई."

हिराबाईंनी पाकळ्या वाटीत टाकल्या. बाहेर गल्लीत कुणीतरी ढोल आणला होता आणि पोरांचा गलका चालला होता. एरवी त्या खिडकी लावून घ्यायला सांगायच्या. आज त्यांनी मान वळवून थोडा वेळ बाहेर पाहिलं.

"जयवंता असता तर आज एक्केचाळीसचा असता," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्यो पयला सामना कवा हाय?"

यशवंत त्यांच्याकडे बघतच राहिला. ऐंशीच्या पुढच्या माणसांना कडी दिलीच नव्हती. दोन महिन्यांत हिराबाई या खोलीबाहेरही पडल्या नव्हत्या. त्यांना भेटले होते ते फक्त मालन आणि तो.

मग हे त्यांच्यात आलं कुठून? त्यानंच रोज थोडं थोडं घरात आणलं होतं, की बावीस वर्षं ते इथंच होतं आणि कुणी विचारलं नव्हतं?