वीसपैकी वीस

सखाबाई उंबरठ्याबाहेरच उभी राहिली आणि एका दमात बोलली. "दादा, सायबानं माह्या रुखमाले मंद ठरवलं. उद्या कागद भंडाऱ्याले जाते. मंग वसतिगृहाच्या दोन जागांत तिले कोण घेते?"

यादोराव टाळांची दोरी बदलत बसले होते. साकोलीत खासगी तपासाची पाटी लावून त्यांना सहा वर्षं झाली होती. १९७९ साल होतं. संध्याकाळी कीर्तन होतं आणि कीर्तन चुकवणं त्यांच्या जिवावर येई.

"गोमाजी, सायकल काढा," ते म्हणाले.

गोमाजी निवृत्त कोतवाल. मनाचा मोठा, डोक्यानं सावकाश. "मंदपनाचा कायचा तपास जी?" त्यानं विचारलं.

"मंद कोण, याचा."

गाव सानगडीपुढं, तलावाकाठी. वाटेत सखाबाईनं सगळं सांगितलं. कॉलेजातले एक मानसशास्त्राचे प्राध्यापक गावच्या शाळेत प्रयोगाला आले होते. सातवीतल्या दहा पोरांना आठ दिवस रोज संध्याकाळी हेडमास्तरांच्या घरी दुधातून स्मरणशक्तीचं चूर्ण दिलं. त्यांत एक हेडमास्तरांचा मुलगा, बाकी शेतकऱ्यांची. उरलेल्या दहांना काहीच नाही. ती तलावावर मासे धरणाऱ्यांची. मग साहेबांनी शब्द वाचून दाखवले आणि पोरांनी आठवतील तेवढे लिहिले. ज्यांचे कमी भरले, त्यांच्या नावापुढं साहेबांनी 'मंद' लिहिलं.

"वा!" यादोराव म्हणाले. "पंगत अशी बसवली असती तर लोकांनी पत्रावळी भिरकावल्या असत्या. याले म्हणे शास्त्र."

रुखमा शाळेच्या पायरीवर बसली होती. चुणचुणीत पोर.

"दूध प्यायला तुम्हाले नव्हतं बोलावलं?"

"नाही जी. मी बाहेरून पायत होती. थे पोट्टे आत डोलून डोलून कायतरी म्हनत. शब्द समजे नाही, चाल समजे." तिनं चाल गुणगुणली. यादोरावांचं बोट आपोआप मांडीवर ठेका धरू लागलं.

"त्यायले इचारलं नाही?"

"इचारलं. दवाईचा मंतर हाय, सांगतला का दवाई उतरते, म्हने."

"अन् परीक्षेच्या दिवशी काय झालं?"

"सायबाच्या हातून च्या सांडला. एक कारड भिजलं. त्यायनं थे खिशात टाकलं अन् बाकीचे वाचले."

"वाचलं नाही ते?"

"नाही जी. मी मोजत होती. एकोणीस झाले."

प्राध्यापक हेडमास्तरांच्या खुर्चीत बसून बिस्किटं खात होते. यादोरावांकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुम्हाला प्रयोगातलं काय कळणार? शब्दांची यादी मी पंधरा दिवस आधी पोस्टानं पाठवली. हेडमास्तरांनी सुवाच्य अक्षरात कार्डं करून दिली. वाचण्याआधी मी ती पत्त्यांसारखी पिसली. पद्धत म्हणतात याला!"

"उत्तरपत्रिका पाहू?"

"खुशाल पाहा. हा हेडमास्तरांचा तेजराम. वीसपैकी वीस! चूर्ण न घेतलेल्यांत आठाच्या पुढे कुणी नाही. माझा लेख छापून येईल, तेव्हा वाचा."

यादोरावांनी दहा कागद शेजारी शेजारी मांडले. घागर, टोपी, विहीर, दोर... पुन्हा घागर, टोपी, विहीर, दोर. सात पोरांचा क्रम एकच. शेवटी सातही जागी कंदील.

"पोरं कोणत्या गटात ठेवायची, हे कोणी ठरवलं?"

"हेडमास्तरांनी. पोरं त्यांच्या ओळखीची ना."

"तपासताना कोणता कागद कोणाचा, हे तुम्हाले ठाऊक होतं?"

"अर्थात! नाव लिहिलेलं असतं."

यादोरावांचा चेहरा ताकात माशी दिसल्यासारखा झाला.

चूर्ण बनवणारे वैद्यबुवा सानगडीत भेटले. मिशी पिळत म्हणाले, "माह्या चूर्णाले मंत्र-बिंत्र लागत नाही! पुड्या बांधून दिल्या, बस. त्या गावात मी महिना झाला गेलोच नाही."

परत येताना गोमाजी म्हणाला, "वैद्यानंच केलं असंल. चूर्ण खपते त्याचं."

"त्याले यादी कुठून मिळाली? अन् मंत्र शिकवाले गेला कधी?"

गोमाजीनं सायकल हेडमास्तरांच्या घराकडं वळवली.

हेडमास्तर भय्याजी गुरुजी हसतमुख होते. "मंत्र? छे! पोरांच्या गोष्टी त्या. दूध प्यायचे अन् जायचे."

"यादी कोणाले दाखवली?"

"कोणालेच नाही. माझ्या पेटीत कुलपात होती."

"बरं झालं स्पष्ट सांगितलं," यादोराव म्हणाले. "सगळी पोरं ओसरीवर बोलवा. थोडं भजन करू."

पोरं बसली. प्राध्यापक नाक मुरडत उभे राहिले. यादोरावांनी पिशवीतून टाळ काढले, रुखमाची चाल धरली आणि खड्या आवाजात सुरुवात केली. "घागर, टोपी..."

टाळ वाजला. पुढच्या रांगेतली दहा पोरं डोलली आणि एका सुरात म्हणाली, "विहीर, दोर!"

यादोराव थांबले. पोरं थांबली नाहीत. घोड्यानं घराची वाट धरावी तशी ती धावत सुटली आणि "कंदील" म्हणूनच श्वास घेतला. मागची दहा तोंड उघडं टाकून पाहत राहिली.

तेजरामनं जीभ चावली. "बाबा, दवाई उतरली!"

भय्याजींचं हसू ओठांवरच वाळून गेलं.

"प्राध्यापकसाहेब, खिशातलं कार्ड काढा," यादोराव म्हणाले.

चहाचा डाग पडलेलं कार्ड बाहेर आलं. त्यावर लिहिलं होतं, कंदील.

"तुम्ही वाचले एकोणीस, पोरांनी लिहिले वीस, अन् तुम्ही आनंदानं गुण दिले! जे ऐकलंच नाही ते आठवलं, असं चूर्ण तर देवादिकांकडेही नव्हतं. कार्डं तुम्ही पिसली, तरी सात पोरांचा क्रम एक. गाण्यातला क्रम सुटत नसतो. अभंगाचं तिसरं चरण पहिल्याआधी कोणी म्हणते का? म्हणजे पोरायले यादी गाऊन पाठ करवली होती. वैद्याजवळ यादी नव्हती अन् तो इकडे फिरकलाही नाही. यादी कुलपात, कुलूप गुरुजींचं, दूध गुरुजींच्या घरी, अन् पोरगा गुरुजींचा. वसतिगृहात जागा दोनच."

"पोरायचा दोष नाही जी," भय्याजी पुटपुटले. "त्यायले मंतरच वाटला."

"तेवढंच एक खरं बोललात."

प्राध्यापक घाम पुसत होते. "पण... चूर्णाचा परिणाम तर..."

"तो तुम्ही मोजलाच कुठे? एकाले दूध, दुसऱ्याले कोरडं तोंड. एकाले घरात, दुसऱ्याले पायरीवर. मोठमोठे शब्द घेऊन आले अन् चिठ्ठ्या टाकायची अक्कल घरी ठेवून आले! तो मंद शब्द आधी स्वतःच्या हातानं खोडा."

साहेबांनी खोडला.

सखाबाईनं हळूच विचारलं, "म्हंजे माही पोरगी हुशार हाय ना, दादा?"

यादोरावांचा आवाज एकदम मऊ झाला. "ते अजून कोणी पाहिलंच नाही, बाई. आता पाहतील."

त्या संध्याकाळचं कीर्तन चुकलं. गोमाजीनं एकट्यानं खोलीत बसून वीस पुड्या बांधल्या. दहांत चूर्ण, दहांत बेसन, वर नुसते आकडे; कोणत्या आकड्यात काय, ते फक्त त्याच्या वहीत. पोरांनी टोपीतून चिठ्ठ्या काढल्या. आठ दिवस सगळ्यांना दूध मिळालं, एकाच घोंगडीवर बसून.

"सांगू का कोनत्या पुडीत काय हाय?" गोमाजीनं विचारलं.

"खबरदार!" यादोराव ओरडले. "मले माहीत नाही, म्हणूनच तर हे खरं."

नवे शब्द यादोरावांनी परीक्षेच्याच सकाळी लिहिले. चूर्णवाले आणि बेसनवाले सारखेच निघाले. एका कागदावर वीसपैकी अठरा होते, सगळ्यांत जास्त. आकडा उलगडला तेव्हा गोमाजीनं वही पाहिली आणि हसत सुटला.

"बेसन जी! रुखमाले बेसन गेलतं!"