दोर कोणाच्या हातात?

जा बाबांनो, पिशव्या भरा, यष्टीत बसा, आणि ज्या कड्यावर लोंबकळायचं त्यावर खुशाल लोंबकळा. तुम्हाला अडवणारे आम्ही कोण? फक्त एवढं सांगा, वरून तुमचा दोर कोण धरणार आहे. हसू नका. आधी ऐका, मग हसा. तो कंदील जरा बारीक करा, किडे येतात.

ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो धर्मपाल आपल्या रोजच्या उठण्याबसण्यातला. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातला, घरातला पहिला मॅट्रिक, यवतमाळला कॉलेजात शिकत होता. त्रेसष्ट साली परीक्षा आटोपली आणि धर्मपाल, गुणवंत आणि लखीराम, एकाच खोलीत राहणारे तिघं, पाठीवर पिशव्या टाकून भटकायला निघाले. यष्टीनं उमरखेड, तिथून दुसऱ्या गाडीनं पैनगंगेकाठी. नदीत पोहायचं, डोंगर चढायचे, आणि गुणवंताच्या डोक्यातलं खूळ म्हणजे कड्यावरून दोरानं उतरून आग्या मोहोळ काढायचं. मध काढायचा तर अंधारीच रात्र लागते. म्हणून त्यांनी चैत्रातली अमावास्या धरली. मंगळवार होता.

गुणवंताची आत्या वच्छलाबाई कड्याखालच्या गावातच राहायची. भाच्याला पाहून तिला आनंदाचं भरतं आलं. गुणवंताला आणि लखीरामला कपबशीत चहा दिला. मग धर्मपालला विचारलं, "तू कोनाचा रे बाबू?"

त्यानं सरळ सांगितलं. त्याचा चहा करवंटीत आला. पाणी मागितलं तर ओंजळीत, हातभर उंचावरून ओतलं. दोन वर्षं एका ताटात जेवणारा गुणवंत बशीत फुंकर मारत बसला. मान काही वर झाली नाही.

धर्मपालची तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे आत्याचं आपलं चालूच होतं. "मध काढाले चालले, पन दोर कोन धरन? आमच्या इथं मधाचा दोर साळ्याच्याच हातात देतेत. भाऊ वाटनीपायी सोडन. साळा आपल्या बहिनीचं कुकू कायले पुसन? आमच्या गावच्या धावजीनं नाही आयकलं. सख्ख्या भावाच्या हातात दोर देल्ला, अन् भावानं सोडला; कड्याखाली पडून मेला. तवापासून अमोशेले तिकडं कोनी फिरकत नाही."

रात्री कड्याची वाट चढताना गुणवंत म्हणाला, "आत्या जुन्या वळनाची हाये. जाऊ दे ना यार."

"आत्या जुनी हाये. तुही जीभ कुठी गेलती?"

"तिच्या घरात मी काय बोलू?"

"नको बोलू. दोर धर."

लखीराम मध्ये पडला. म्हणाला, "दोघं भांडून राह्यले, कायले उतरता? चाला वापस." पण धर्मपाल हट्टाला पेटला होता. जो हात आपल्यासाठी पाण्याचा गडवा उचलत नाही, तो निदान दोर तरी धरतो का, हे त्याला आज पाहायचंच होतं. जिवावर उदार होणं म्हणतात ते हेच. रागाला डोळे नसतात, पोरांनो.

लखीराम धुराची जुडी घेऊन कड्याखाली गेला. वर अंजनाच्या झाडाला मोटेच्या नाड्याचा, जाड दोराचा, एक वेढा दिला, एक टोक धर्मपालच्या कमरेला बांधलं, दुसरं गुणवंताच्या हातात. धर्मपाल उतरायला लागला.

निम्म्यावर कपार होती. तिथं पाय टेकले. काळोख असा की स्वतःचा हात दिसेना. धुराचा वास. मधाचा वास.

शेजारून कोणीतरी विचारलं, "दोर कोनाच्या हातात हाये?"

"लख्या?"

लखीराम तर खाली होता. खालून त्याचा खोकला ऐकू येत होता.

"दोर... कोनाच्या हातात हाये?"

 धर्मपाल बोलला, "दोस्ताच्या."

"साळा नाही?"

"नाही."

"मंग भाऊ?"

धर्मपालला दुपारची करवंटी आठवली. "भाऊ म्हनत होता," तो म्हणाला.

शेजारी कोणीतरी दात खाल्ले. करकर... करकर... हसणं नव्हतं ते. राग होता. वर्षानुवर्षं मुरलेला.

आणि दोर सैल झाला.

आधी हातभर. मग सगळाच. वरून सळसळत आला, खांद्यावरून गेला, खाली लोंबला. धर्मपाल कपारीला चिकटला. पायाखालचा दगड हलत होता.

"गुणवंत!"

काही नाही...

"हरामखोरा! सोडला ना!"

काही नाही.

"सोडला ना?" शेजारचा आवाज म्हणाला. अगदी कानाशी. "माहाही... असाच..."

मग लोंबलेला दोर हलला. आपोआप वर निघाला. तोंडासमोरून गेला. वर... वर... ताठ झाला. कंबरेला हिसका बसला आणि धर्मपाल उचलला गेला.

काठ आला. कोणीतरी मनगट धरलं. चिकट हात. थंड. त्या हातानं त्याला ओढून खडकावर टाकलं.

वर कोणी नव्हतं. दोराचं दुसरं टोक खडकावर मोकळं पडलं होतं.

धर्मपाल वाटेनं धावत खाली आला, तिथं लखीरामनं त्याचे हात धरले. लखीरामला वाटलं होतं, हे दोघं अजून भांडतायत. बोलणं त्यानंही ऐकलं होतं. दोन आवाज.

गुणवंत आत्याच्या अंगणात भिंतीला पाठ लावून बसला होता.  "मी सोडला नाही रे," तो रडायला लागला. "एक मानूस आला. म्हने मी त्याचा साळा, दोर इकडं आन. मी देल्ला अन् खाली आलो."

"साळा?" धर्मपालचा आवाज फाटला. "माहं लगन झालं नाही, हे तुले ठाऊक नाही?"

गुणवंतानं तोंड गुडघ्यात घातलं.

"अंधारात कोनीही मांगतलं अन् तू देल्ला? तुले सोडाचाच होता. फक्त नाव दुसऱ्याचं पाह्यजे होतं."

आत्या दिवा घेऊन बाहेर आली. दिव्याच्या उजेडात धर्मपालच्या मनगटावर चार बोटं आणि अंगठा उमटलेले दिसले. मेणासारखे पिवळे. गुणवंत गडबडून उठला. "पाहू दे, काय झालं," म्हणत त्यानं हात पुढे केला.

धर्मपालनं मनगट मागे घेतलं.

"हात नको लावू. मले इटाळ होईन."

पहाटेच्या पहिल्या गाडीनं तो आणि लखीराम निघून आले. नदीवर त्यानं मनगट वाळूनं घासलं, घरी साबणानं, मग दगडानं. कातडी सोलली, रक्त आलं. खपली धरली, पडली, आणि खालून तीच पाच बोटं पुन्हा वर आली. अजून आहेत. उन्हाळ्यात तो लांब बाह्यांचा सदरा घालतो, तो काही हौसेनं नाही.